गाणी आपली, सातबारा कुणाचा? विनॲम्प, धिंगाणा आणि बंद पडलेल्या संगीत-सॉफ्टवेअरचा इतिहास



दुपारी अडीचच्या सुमारास सुप्याच्या स्टँडवर एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारी पोरे जमतात. पाठीला सॅक, कानात इअरफोन, आणि नजर कंपनीच्या बसकडे. मध्यंतरी त्यातल्या एकाने आम्हाला मोबाईल दाखवला. ज्या ॲपवर तो पाच-सहा वर्षे गाणी ऐकत होता ते अमुक तारखेला बंद होणार, असा इंग्रजीतला निरोप त्यावर आला होता. त्याने त्या ॲपवर शेकडो गाणी जमवली होती. रात्रपाळीची यादी वेगळी, आईसाठी वेगळी, आणि वस्तीवरच्या जयंतीसाठी वेगळी. जयंतीची यादी सगळ्यांनी मिळून दरवर्षी वाढवलेली. "आता ही सगळी जाणार का?" त्याने विचारले. शेजारी उभे असलेले एक नाना हसले. म्हणाले, "ॲप बंद झालं म्हणून सुतक पाळतो का काय?"

आम्ही सुतक पाळत नाही, हे नानांना चांगले ठाऊक आहे. पण त्या पोराचा चेहरा पडलेला होता आणि तो नाटक करत नव्हता. एखादे गाण्याचे सॉफ्टवेअर बंद झाले म्हणून माणसे हळहळतात ही नवी गोष्ट नाही. तिला आता चांगला दहा-बारा वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या कार्यकर्त्यांनी वाचला पाहिजे, कारण या दुःखात गाणे आवडण्याचा प्रश्न जितका आहे तितकाच गाणे कुणाच्या ताब्यात आहे हाही प्रश्न आहे. आणि ताब्याच्या प्रश्नावर आपल्या लोकांनी गाफील राहणे परवडत नाही.

सुरुवात विनॲम्पपासून करू. आज पंचविशीत असलेल्यांना हे नाव कदाचित ऐकूनच माहीत असेल. १९९७ साली अमेरिकेत जस्टिन फ्रँकेल नावाच्या, कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराने दिमित्री बोल्दिरेव याच्या साथीने हे सॉफ्टवेअर बाहेर काढले. काम एकच, संगणकावरची एमपीथ्री गाणी वाजवणे. खिडकी एवढीशी, काळपट, त्यात हिरवे आकडे आणि गाण्याच्या ठेक्यावर नाचणाऱ्या पट्ट्या. जुन्यातल्या जुन्या, रडतखडत चालणाऱ्या संगणकावरही ते चाले. पहिल्यांदा टाकले की लामा नावाच्या कुठल्यातरी परदेशी जनावराबद्दल इंग्रजीत ओरडणारी एक छोटी ध्वनिफीत वाजायची. तिचा अर्थ आम्हाला कधीच कळला नाही, पण ती वाजली म्हणजे स्पीकर चालू आहेत एवढे मात्र कळायचे!

१९९९ साली एओएल या बड्या कंपनीने विनॲम्प बनवणारी नलसॉफ्ट ही छोटी कंपनी सुमारे आठ कोटी डॉलरला विकत घेतली. पुढे विनॲम्पची तिसरी आवृत्ती आली. ती जड होती, अडखळायची, आणि लोक सरळ मागच्या दुसऱ्या आवृत्तीकडे परत गेले. कंपनीला नमते घ्यावे लागले. मग दोन आणि तीन यांची बेरीज म्हणून थेट पाचवी आवृत्ती काढण्यात आली. चौथी निघालीच नाही. ही गंमत आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. त्या काळात वापरणाऱ्याच्या हातात एवढी ताकद होती की "नवे नको, जुनेच चालवतो" असे तो म्हणू शकत होता आणि ते खरोखर चालवू शकत होता.

सुप्यासारख्या हायवेवरच्या गावात विनॲम्प घरोघरी नव्हते, कारण संगणकच घरोघरी नव्हते. ते होते मोबाईलच्या दुकानात. 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी, काउंटरवर जोडणी केलेला संगणक, आणि मेमरी कार्ड घेऊन उभी असलेली पोरे. दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळे. एप्रिल लागला की याच काउंटरवर भीमगीतांची मागणी सुरू व्हायची. दुकानदार विनॲम्पमध्ये गाण्याच्या दोन ओळी वाजवून दाखवणार, पोरगा मान हलवणार, मग ते गाणे कार्डावर. आमच्या पिढीने वामनदादांची, प्रल्हाद शिंदेंची, विठ्ठल उमपांची कित्येक गाणी पहिल्यांदा अशी, दोन-दोन ओळींनी ऐकलेली आहेत.

हा सगळा माल बहुतेक चोरीचा होता, हेही उघड बोलले पाहिजे. गायकाला आणि कवीला त्यातून छदाम मिळत नव्हता. कॅसेटच्या काळातही एकरकमी पैसे देऊन बोळवण व्हायची, असे जुने कलावंत सांगत आले आहेत, पण म्हणून कार्ड भरण्याचा धंदा न्याय्य ठरत नाही. तेव्हा त्या दिवसांची आठवण काढताना गळा काढायचा असेल तर कलावंताचे देणे अजून बाकी आहे हे आधी लक्षात ठेवावे.

२० नोव्हेंबर २०१३ रोजी जाहीर झाले की विनॲम्प महिन्याभरात, २० डिसेंबरला, बंद होणार. जगभरातून लोक हळहळले. कुणी जुन्या आवृत्त्या उतरवून ठेवल्या, कुणी ऑनलाइन अर्ज काढला की बंद करायचे तर करा, पण त्याचा मूळ कोड लोकांसाठी खुला करा. जानेवारी २०१४ मध्ये रेडिओनॉमी या बेल्जियन कंपनीने ते घेतले आणि नाव वाचले. कोड खुला व्हायला २०२४ साल उजाडले. तोही अशा अटी घालून की लोकांनी टीका केली, आणि महिन्याभरात तो काढून घेतला गेला.

पण या प्रकरणातली खरी गोष्ट वेगळीच आहे. २० डिसेंबरनंतर ज्याच्या संगणकावर विनॲम्प होते त्याचे काहीच बिघडले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने संगणक लावला, गाणे लावले, गाणे वाजले. कंपनी फार तर नवी आवृत्ती देणे थांबवू शकत होती. दिलेले परत नेऊ शकत नव्हती. लोकांनी जाहिरात पाहून शोक केला खरा, पण मयत घरात चालत-बोलत होते.

आता याच्याच शेजारी दोन महिन्यांनी घडलेले दुसरे प्रकरण ठेवू, आणि ते तर आपल्या मराठी माणसांचे आहे. स्नेहल आणि स्वप्निल शिंदे या जुळ्या भावांनी २००७ साली 'धिंगाणा' नावाची गाण्यांची सेवा सुरू केली. नाव अस्सल मराठी. कारभार अमेरिकेतल्या सनीव्हेलमधून आणि आपल्या पुण्यातून. गाणी उतरवून घ्यायची गरज नाही, इंटरनेटवरून थेट ऐकायची, पैसे जाहिरातींतून यायचे, ऐकणाऱ्याला फुकट. हिंदी तर होतेच, पण मराठी, पंजाबी, तमिळ, तेलुगू अशा भाषांचे वेगळे दालन होते. त्या काळात हे फार मोठे होते. परदेशातल्या मराठी घरांत रविवारी सकाळी जी जुनी मराठी गाणी लागायची ती यावर लागायची. इकडे साध्या मोबाईलवरही ते चालायचे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये धिंगाणा बंद झाले. टी-सिरीजने परवान्याचे नूतनीकरण केले नाही, हे त्यामागचे मोठे कारण असल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेच्या आरडिओ कंपनीने धिंगाणा विकत घेतले. नोव्हेंबर २०१५ मध्ये आरडिओने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची मालमत्ता पँडोरा या कंपनीने साडेसात कोटी डॉलरला घेतली. पँडोराची सेवा भारतात मिळत नाही. म्हणजे पुण्याच्या भावांनी उभ्या केलेल्या मराठी नावाच्या दुकानाचा वारसा दोन वर्षांच्या आत अशा दारात जाऊन पडला की जिथे पुण्याच्या माणसाला आत जाता येत नाही.

विनॲम्प आणि धिंगाणा यांत फरक काय झाला? धिंगाणाच्या ऐकणाऱ्याकडे बंद होण्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच उरले नाही. वर्षानुवर्षे बनवलेल्या याद्या, आवडलेल्या गाण्यांवरच्या खुणा, सगळे कंपनीच्या सर्व्हरवर होते. सर्व्हर थांबला आणि यादीही थांबली. गाणे दुसरीकडे कुठेतरी मिळेल. पण "हे गाणे त्या गाण्याच्या मागे लावायचे" हे जे त्याने ठरवलेले होते, ते गेले.

इथे टी-सिरीजबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण इतिहास मोठा विचित्र आहे. ऐंशीच्या दशकापर्यंत आपल्या देशात ध्वनिमुद्रित गाणे म्हणजे एचएमव्ही असे समीकरण होते. तबकडी महाग, यंत्र महाग, आणि कुणाचे गाणे तबकडीवर जाईल हे ठरवणारे मोजके लोक. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या घरातल्या गुलशन कुमारने १९८३ साली टी-सिरीज काढली आणि स्वस्त कॅसेटने ही मक्तेदारी फोडली. कॅसेट काढायला भांडवल कमी लागे, म्हणून गल्लोगल्ली छोट्या कंपन्या निघाल्या. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने १९९३ साली कॅसेट संस्कृतीवर लिहिलेल्या ग्रंथात हा सगळा उलथापालथीचा काळ मांडला आहे. भीमगीत जलशाच्या फडातून घराघरांत गेले ते याच वाटेने. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागायचे. तबकडीच्या कंपनीने ज्या आवाजांसाठी क्वचितच दार उघडले, ते आवाज कॅसेटने वस्तीपर्यंत नेले. आणि ज्या कंपनीने ते दार मोडले तीच तीस वर्षांनी परवान्याची किल्ली घेऊन दुसऱ्या दारात उभी होती! यात कुणाला खलनायक ठरवण्याची आम्हाला गरज वाटत नाही. ज्याच्या हातात हक्क आहे तो हक्क वापरणारच. प्रश्न आहे तो ज्याच्या हातात काहीच नाही त्याचा.

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही अप्रत्यक्षपणे येऊन गेला आहे. धिंगाणा बंद झाले त्याच वर्षी, २०१४ मध्ये, एअरटेलने विंक म्युझिक सुरू केले. पुढे टिप्स या कंपनीचा आणि विंकचा परवान्यावरून वाद झाला. विंकचे म्हणणे असे की कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ३१-ड कलमाखाली ठरलेले मानधन भरून आम्ही मालकाच्या संमतीशिवायही गाणी वाजवू शकतो. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की ते कलम रेडिओ आणि टीव्हीसाठी आहे, इंटरनेटवरच्या सेवेसाठी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने हाच निकाल कायम केला. या निकालातला एक भाग आपल्या पोरांनी मुद्दाम समजून घ्यावा. ॲपमध्ये ठरावीक मुदतीसाठी जे गाणे 'डाउनलोड' होते, ते न्यायालयाच्या लेखी व्यापारी भाड्याने देणेच ठरले. आपण समजत होतो की गाणे आपल्या मोबाईलमध्ये आले, आपले झाले. कायदा म्हणतो, तुम्ही भाडेकरू.

आणि या खटल्यात पक्षकार किती? एक गाण्याची मालक कंपनी, दुसरी ॲपची कंपनी. ज्यांच्या ऐकण्यावर दोघींचा धंदा उभा, तो ऐकणारा कुठेच नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये एअरटेलने विंक म्युझिक बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि ॲपलशी करार केला. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये गूगल प्ले म्युझिक बंद झाले होते. लोकांना आपल्या याद्या यूट्यूब म्युझिकवर नेण्यासाठी २४ फेब्रुवारी २०२१ पर्यंत मुदत होती, त्यानंतर सगळे पुसले गेले. निदान तिथे मुदत तरी होती.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारा माणूस कागदावर कुठेच नसेल तर त्याच्या घामाला कायद्यात किंमत नाही, हे त्यांनी नेमके ओळखले होते. ही तुलना ताणू नये, असे आम्ही स्वतःलाच बजावतो. खोताच्या दारात वेठ करणाऱ्या कुळाचे दुःख आणि प्लेलिस्ट गेलेल्या पोराचे दुःख एका मापाने मोजणे हा कुळाचा अपमान होईल. पण कागदावर नाव नसण्याची रीत मात्र तीच आहे. आपण कितीही इमानाने, कितीही वर्षे एखादे ॲप वापरले तरी ते इमान कुठल्याच कागदावर चढत नाही.

"फुकट ऐकत होतात, मग तक्रार कसली?" असे काही सुशिक्षित मित्र विचारतात. फुकट काहीच नव्हते. आपण जाहिराती ऐकल्या, आपली आवड-निवड कंपनीला सांगितली, कुठले गाणे कुठल्या वेळी चालते हे तिला शिकवले. दुसरा आक्षेप चळवळीतूनच येतो: "यूट्यूबवर सगळं आहे ना!" आहे, आज आहे. पण कुणा अनोळखी माणसाने टाकलेले, चुकीच्या नावाने, आणि हक्काचा दावा आला की रातोरात नाहीसे होणारे. एका मालकाचे घर सोडून दुसऱ्याच्या घरात राहायला गेल्याने भाडेकरू घरमालक होत नाही.

आता नावाचा मुद्दा आला आहे तर त्यावर थोडे थांबू. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२, निधन १५ मे २००४. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या माणसाने हजारो गीते रचली आणि आपल्या गीताच्या शेवटच्या कडव्यात ते 'वामन' हे नाव गुंफत. संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आलेली ही नाममुद्रेची रीत. गाणे एका गावातून दुसऱ्या गावात तोंडोतोंडी गेले, कॅसेटचे कव्हर हरवले, गायक बदलला, तरी शेवटचे कडवे आले की कळते हे कुणाचे.

आणि एमपीथ्रीमध्ये काय असते? १९९६ साली एरिक केंप याने या फाइलमध्ये नाव लिहिण्याची सोय काढली. तीही, योगायोग पहा, फाइलच्या अगदी शेवटी! १२८ बाइटची जागा. त्यात गाण्याचे नाव ३० अक्षरे, कलाकाराचे नाव ३० अक्षरे, अल्बम ३० अक्षरे, साल, शेरा, प्रकार. विनॲम्प हेच नाव वाचून पट्टीवर फिरवत असे. पण त्या जागेत देवनागरी नीट बसत नसे, आणि गीतकारासाठी वेगळा रकाना मुळातच नव्हता. कलाकार म्हणजे गायक, असे धरून चाललेले. वर मेमरी कार्डाच्या धंद्यात त्या रकान्यात दुकानाचे किंवा वेबसाइटचे नाव चढले. पुढे ॲप आली, तरी बहुतेक ठिकाणी ठळक दिसतो तो गायक आणि खाली कंपनी. ज्याने शब्द लिहिले तो शेवटच्या कडव्यात आहे, पण शेवटचे कडवे येईपर्यंत ऐकतो कोण? बोट पुढच्या गाण्यावर.

म्हणून आम्ही त्या पोराला म्हणालो, रडून घे, पण तारखेच्या आत यादी उतरवून घे. पुढचे दोन रविवार आमच्या विहारात हेच काम चालले. मोबाईलवर यादी उघडायची, एकाने वाचायची, दुसऱ्याने वहीत लिहायची. गाणे, गायक, आणि शेवटचे कडवे ऐकून कवीचे नाव. पोरे सुरुवातीला कंटाळली. मग बायका येऊन बसल्या आणि कामाला रंग चढला, कारण निम्म्या गाण्यांबद्दल त्यांना वहीपेक्षा जास्त माहिती निघाली. कुठले गाणे कुणाच्या लग्नात पहिल्यांदा म्हटले गेले, कुठल्या गाण्यातले कडवे कॅसेटमध्ये गाळले आहे.

त्याच वेळी एका घरातून जुना संगणक निघाला. पोटमाळ्यावर, पोत्यात बांधलेला. तो सुरू होईल असे कुणालाच वाटले नव्हते. दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाला आणि पडद्यावर विनॲम्पची ती एवढीशी खिडकी आली. वस्तीवरच्या एका भजनी मंडळाने वीसेक वर्षांपूर्वी साधा माइक लावून ध्वनिमुद्रित केलेली, आणि काही जुन्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी त्यात होती. विनॲम्पची यादी ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. काही गाण्यांच्या फाइली खराब झालेल्या, वाजत नव्हत्या. पण यादीत त्यांची नावे मात्र रोमन अक्षरांत, वेड्यावाकड्या स्पेलिंगने, क्रमवार होती. ज्या माणसाने ती टाइप केली तो आता हयात नाही. त्याने कुठले गाणे कशानंतर लावायचे ठरवले होते ते आम्ही वहीत तसेच उतरवून घेतले.

आता हे सगळे दोन हार्ड डिस्कवर आहे, एक विहारात आणि एक नगरला एका कार्यकर्त्याकडे. वहीची झेरॉक्स तिसऱ्या घरी. ज्या गाण्यांवर कुणाचा व्यापारी हक्क आहे ती आम्ही वाटत नाही, त्यांची फक्त नोंद ठेवतो. वस्तीवरच्या माणसांनी स्वतः गायलेली मात्र ज्याला हवी त्याला देतो.

त्यातले एक गाणे अजून अडून आहे. रमाईवरचे, एका बाईच्या आवाजातले, कॅसेटवरून उतरवलेले. बाईचे नाव दोघी-तिघी वेगवेगळे सांगतात. कवीचे नाव कुणालाच आठवत नाही. शेवटचे कडवे सुरू होते, पहिली ओळ होते, आणि तेवढ्यात कॅसेटची बाजू संपते. खट्ट असा आवाज तेवढा आला आहे. पारनेर, श्रीगोंदा, शिरूर भागात कुणाच्या आजीला रमाईची जुनी गाणी पाठ असतील तर आम्हाला कळवा. मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवण्यापेक्षा आम्हीच येऊ, वही घेऊन.